टँकमधला दिवा : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२५

७ एप्रिल, सोमवार. जळगाव

पोहण्याच्या टँकमधून बाहेर येऊन बॅग उघडली तर फोनवर १७ मिस्ड कॉल. त्यातले ११ सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचे, ४ त्यांच्या ऑपरेटरचे, २ दादाचे. चेंबर नंबर ३ चा कॉम्प्रेसर ५.१२ ला ट्रिप झाला होता आणि मी फोन हातात घेतला ५.५५ ला.

कारण साधं निघालं. विजेच्या तीनपैकी एक फेज गेला होता, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरने (असं झालं की मोटर जळू नये म्हणून वीज तोडणारं उपकरण) मशीन बंद केलं, म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं होतं. ऑपरेटरने दोनदा रीसेट मारून पाहिला. तिसऱ्यांदा मारू की नको, एवढंच त्याला मला विचारायचं होतं. सहा वाजून गेल्यावर तिन्ही फेज आले, मशीन चालू झालं, माल वाचला. पण शेठ फोनवर जे म्हणाले ते डोक्यातून जात नाही : "ताई, त्या पाऊण तासात मी मनातल्या मनात दहा टन माल उकिरड्यावर टाकून आलो."

सावदा, फैजपूर आणि रावेर इथल्या मिळून ११ रायपनिंग चेंबरवर, म्हणजे केळी पिकवायच्या बंद थंड खोल्यांवर, लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड, वीज, सगळं सर्व्हरवर येतं आणि काही बिघडलं की माझा फोन वाजतो. पोहणं माझ्याकडे हौसेने आलेलं नाही. मणक्याची गादी सरकली आहे, एल४ आणि एल५ च्या मध्ये. जळगाव-सावदा रस्त्यावर दुचाकीने काढलेल्या सहा वर्षांची ती कमाई. डॉक्टरांनी आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटं पोहायला सांगितलं. जानेवारीपासून टँकवर जाते आहे आणि डाव्या पायाची बधिरता गेली आहे. महिलांची बॅच ५ ते ६ हीच आहे, दुसरी वेळ नाही.

पोहणं सोडणार नाही. शेठना पुन्हा पाऊण तास तसं बसवणारही नाही. दोन्ही जमवायचं, म्हणून ही वही.

८ एप्रिल, मंगळवार

आधी हाताशी आहे त्यावर चाचणी. दादाचं स्मार्टवॉच मागून आणलं. त्यावर ‘५ एटीएम’ लिहिलेलं आहे. हा आकडा घड्याळ किती दाब सोसेल एवढंच सांगतो. पाण्यातून निरोप येईल का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि दुकानात विचारलं तर दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतात.

फोन काठावर ठेवला, मी तीन मीटरवर उभी. मनगट हवेत : निरोप लगेच. मनगट वीतभर पाण्याखाली : पाच-सहा सेकंदांत जोडणी तुटली. तीन मीटर, तीस मीटर, फरक नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो. ओव्हनमध्ये अन्नातलं पाणी ती ऊर्जा पिऊन टाकतं, टँकमध्ये टँकचं पाणी. काही सेंटिमीटरमध्ये काम खलास. फ्रीस्टाइलमध्ये हात प्रत्येक वेळी बाहेर येतो खरा, पण जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात जोडणी परत जुळत नाही. सिमवालं घड्याळ घेतलं असतं तरी पाणी तेच.

रिंग मोठी करून फोन लेनच्या टोकाला ठेवूनही पाहिलं. डोकं पाण्यात असताना काहीच ऐकू येत नाही. कानात पाणी जातं म्हणून असेल असं मला वाटायचं. खरं कारण पाण्याच्या पृष्ठभागाचं आहे. हवेतून आलेला आवाज तिथूनच जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारातला एखादा भाग खाली उतरतो. जीवरक्षकाची शिट्टी बुडी मारलेल्या पोरांना का ऐकू येत नाही, हे टँकवरच्या जीवरक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणून तर आम्ही बांबू घेऊन बसतो.

११ एप्रिल, शुक्रवार

हाडातून आवाज देणारे पोहण्याचे इयरफोन एका ओळखीच्या मुलीकडून आणले. गाणी छान वाजतात, पण ती इयरफोनच्याच मेमरीतून. पाण्यात ब्लूटूथ पोचत नाही म्हणूनच तशी सोय करून दिली आहे. परत केले.

१६ एप्रिल, बुधवार

चार दिवस यंत्रं बाजूला ठेवली आणि जुन्या नोंदी काढून बसले. मला पाण्यात निरोप हवा, असं मी धरून चालले होते. पण कुठला निरोप, आणि किती वेळात?

गेल्या तीन महिन्यांत ५ ते ६ या वेळेत आलेले सगळे फोन एका कागदावर उतरवले. ८४ निघाले. बिल, गाडी कधी येणार, सेन्सर पुसला का, लग्नाची आमंत्रणं, हे सगळं काढून टाकल्यावर मशीनचे खरे बिघाड उरले ६. त्या सहातल्या चारांत ऑपरेटरने मला न विचारता बरोबर तेच केलं होतं.

आता त्या बिघाडांना किती वेळ चालतो, ते पाहिलं. कच्च्या केळीचा चेंबर भरला की पहिल्या दिवशी इथिलीन सोडतात. कायद्याने १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे, कार्बाइडला पूर्ण बंदी आहे. एकदा केळीने पिकायला सुरुवात केली की ती स्वतःच तापते. तिचा श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, गर गरम होतो. म्हणून सगळ्यात नाजूक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. मशीनवर सगळ्यात जास्त भार तेव्हाच असतो.

गेल्या ऑगस्टमध्ये नेमका तिसऱ्या दिवशी एक कॉम्प्रेसर बंद पडला होता. त्याचा आलेख काढला. चेंबरमधली हवा १६.५ अंशांवरून २० मिनिटांत १९.८ वर गेली. स्क्रीनवर ती रेघ पाहिली तर छातीत धस्स होतं. पण त्याच २० मिनिटांत केळीच्या गरात खुपसलेला सेन्सर किती चढला? ०.२ अंश. तासाभरात अर्ध्या अंशाच्या आसपास. दहा टन केळी म्हणजे मोठ्ठा रांजण, तो एकदम तापत नाही.

उलट बाजूही तपासली. कॉन्टॅक्टर, म्हणजे मशीनची वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटला आणि मशीन थांबेचना, तर हवा १३ च्या खाली जाते. केळीला थंडी बाधली की सालीवर राखाडी छटा येते आणि ती नंतर कशानेच जात नाही. पण तेही मिनिटांत घडत नाही, तास लागतात.

म्हणजे केळीला ४० मिनिटं चालतात. चालत नाहीत ती माणसांना. ७ तारखेला शेठ तळमळले ते मालामुळे नव्हे. समोरून उत्तर येत नव्हतं आणि मी कधी सापडेन हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून.

वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : बिघाड झाल्यापासून १० मिनिटांच्या आत मी फोनवर. दोन सेकंदांत नको. पाण्यात बोलणं नको. फक्त ‘बाहेर ये’ एवढंच कळलं पाहिजे, म्हणजे एक शब्द.

ही नोंद लिहून फार हलकं वाटलं. आठ दिवस मी चुकीची गोष्ट बनवायला निघाले होते.

२१ एप्रिल, सोमवार. सावदा

कालची झोप एका विचाराने गेली. १० मिनिटं चालणार नाहीत, अशी एक गोष्ट आहे : चेंबरमध्ये अडकलेला माणूस. पिकत्या केळीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन कमी होतो. वारा खेळवल्याशिवाय आत जायचं नाही हा नियम आहे, पण क्रेट मोजायला कुणीतरी जातंच.

प्रत्येक चेंबरच्या आत एक लाल बटण आहे. ते दाबलं की आतापर्यंत काय व्हायचं? माझ्या फोनवर मेसेज यायचा. मी जळगावात, तो सावद्यात, मध्ये ४० च्या वर किलोमीटर. पोहत नसते तरी मी काय करणार होते? ही रचना दोन वर्षांपूर्वी मीच केली होती आणि ती चूक होती.

आज दिवसभर तेच काम. बटणाची तार थेट बाहेरच्या भोंग्याला जोडली. मध्ये सर्व्हर नाही, इंटरनेट नाही, मी नाही. वीज गेली तरी वाजावा म्हणून १२ व्होल्टची वेगळी बॅटरी. सहा चेंबर झाले, उरलेले पाच उद्या. दार आतून उघडतं का, हे स्वतः आत उभं राहून प्रत्येक ठिकाणी पाहिलं. एका दाराची आतली मूठ गंजून घट्ट झाली होती, ती बदलूनच निघाले.

ऑपरेटरांसाठी भिंतीवर कागदही चिकटवला. रीसेट किती वेळा मारायचा (दोनदा), कोणते तीन दिवे पाहायचे, दार बंद ठेवायचं, मला कधी कळवायचं. तो मुलगा कागद वाचून म्हणाला, "ताई, हे आधी लावलं असतं तर मी त्या दिवशी फोनच केला नसता." खरं आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

टोपीतला प्रयोग. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना वापरता येतो. दोन लोरा मॉड्यूल (थोड्या विजेवर लांबवर निरोप पाठवणारे छोटे रेडिओ) होतीच, ती ८६६ वर लावली. एक काठावर, दुसरं मोबाइलच्या थरथरणाऱ्या मोटरसह पाऊचमध्ये घालून पोहण्याच्या टोपीखाली. फ्रीस्टाइलमध्ये डोक्याचा मागचा भाग पाण्याच्या पृष्ठभागालगत असतो, तेवढी फट पुरेल असा अंदाज.

प्रत्येक प्रकारात २० निरोप पाठवले. फ्रीस्टाइलमध्ये १३ आले. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोकं दर वेळी वर येतं, तिथे १८. भिंतीला पाय मारून पाण्याखाली सरकताना एकही नाही. आकडे वाईट नाहीत. प्रत्येक निरोप चार वेळा पाठवला असता तर जमलंही असतं.

तरी हे सोडून दिलं. लिथियमचा सेल, एक पातळ पाऊच आणि पाणी, हे तीन माझ्या कवटीला टेकलेले मला नकोत. पाऊच आज नाही तर उद्या फाटेल.

नौदल पाणबुडीशी कसं बोलतं, ते रात्री वाचलं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून आहे. तिथून अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी सोडतात. लहरी जितक्या संथ तितक्या त्या खाऱ्या पाण्यात खोल शिरतात, तरी काही मीटरच. त्यासाठी आभाळाएवढे मनोरे लागतात. निरोप एकाच दिशेने जातो आणि तोही अगदी थोडक्यात. एवढ्या मोठ्या व्यवस्थेलाही पाण्यापुढे थोडक्यातच बोलावं लागतं, हे वाचून माझ्या ‘एक शब्द’वाल्या ओळीखाली मी पेनाने रेघ ओढली.

३० एप्रिल, बुधवार. अमळनेर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी आले आहे. सकाळी पितरांची घागर भरली, दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधलाय, पोरी दुपारच्या उन्हातसुद्धा उतरायला तयार नाहीत.

ही नोंद प्रकल्पाचीच आहे. मी ओसरीवर मॉड्यूल उघडून बसलेली पाहून आजीने विचारलं, "पानीमा फोन कसाले लागस व माय?" मी तिला सगळं सांगितलं, केळी, चेंबर, पाठ, टँक. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या लहानपणची गोष्ट सांगितली.

बोरी नदीला तेव्हा भरपूर पाणी असायचं. बायका धुणं आटोपून डोहात उतरायच्या, नवशिक्यांना भोपळ्यांची सांगड. घरून बोलावणं आलं तर कळणार कसं? म्हणून एका पोरीला काठावरच्या दगडावर बसवायचं. तिने ओरडून उपयोग नसायचा, पाण्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही. ठरलेलं असं की पोरगी दगडावर दिसते आहे तोवर सगळं ठीक. घरून कुणी आलं तर तिने उठून बाजूला व्हायचं. दगड रिकामा दिसला की बायका वर. आणि पोरगी कंटाळून खेळायला निघून गेली, तरीसुद्धा वर यायचंच, कारण मग पोरगी कुठे गेली ते पाहायला हवं.

मी दोनदा सांगायला लावलं.

टोपी सोडल्यापासून माझ्या डोक्यात टँकमधला दिवा होता, आणि ‘बिघाड झाला की दिवा लागेल’ असं मी धरून चालले होते. मग दिव्याचा सेल संपला तर? फोनची रेंज गेली तर? दिवा बंदच राहील आणि मी निर्धास्त पोहत राहीन. आजीची रीत बरोबर उलटी आहे. सगळं ठीक असतानाच खूण दिसत राहिली पाहिजे, आणि ती गेली की वर यायचं, कारण काहीही असो.

२ मे, शुक्रवार

आराखडा पक्का. टँक २५ मीटरचा. माझी एक लांबी साधारण ३८ सेकंदांची, म्हणजे एकाच टोकाला मी दर सव्वा मिनिटाने पोचते. मग निरोप माझ्या अंगावर यायची गरजच काय? तो भिंतीवर थांबू दे, मी त्याच्याकडे येतेच आहे. अँटेना हवेत, दिवा पाण्यात, मध्ये दोन तारांची केबल. रेडिओला पाण्यात शिरावंच लागत नाही.

खुणा तीन. संथ लुकलुक, दोन सेकंदांत एकदा : सर्व्हर, फोन, पेटी, सगळं जिवंत आहे आणि चेंबर ठीक आहेत. जलद लुकलुक : बिघाड, बाहेर ये. अंधार : काहीतरी तुटलंय, तरीही बाहेर ये.

पेटीत ईएसपी३२ चं बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक) आणि एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियमचा). ती बाकावरच्या बॅगेतल्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेली. सर्व्हरकडून दर १५ सेकंदांनी ‘ठीक’ असा निरोप येतो. लागोपाठ चार आले नाहीत तर पेटी दिवा स्वतःहून विझवते. यात एक अडचण आपोआप सुटली. माझ्या फोनचा हॉटस्पॉट काही काम नसलं की झोपी जायचा. आता दर १५ सेकंदांनी त्याला काम मिळतं, तो जागा राहतो.

घरच्या विजेची तार टँकच्या काठावर कधीही न्यायची नाही. चार्जरसुद्धा नाही. पेटी घरी चार्ज करून आणायची. हे वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवलं.

५ मे, सोमवार

टँकच्या व्यवस्थापकांना पेटी उघडून दाखवली. सेल केवढा, तारेत किती व्होल्ट, पेटी पाण्यात पडली तर काय, त्यांनी सगळं विचारलं. हे विचारणारा माणूस तिथे आहे याचं समाधान वाटलं. कडेच्या सहा नंबरच्या लेनला परवानगी मिळाली.

जीवरक्षकांनी एकच अट घातली : लाल रंग नको. तळाशी लाल काही लुकलुकताना दिसलं तर कुणी बुडतंय असं वाटून दुसरी बाई घाबरेल, आणि घाबरलेली बाई खोल टोकाला धोक्याची. मी लालच एलईडी लावले होते. त्यांच्यासमोरच काढले.

९ मे, शुक्रवार

रंगांची चाचणी. लाल तसाही उपयोगाचा नव्हता. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषतं. दोन मीटरवर ठळक, लेनच्या मध्यापर्यंत मलूल, पलीकडच्या टोकावरून शून्य. निळा लांबवर जातो, पण टँकच्या फरशा निळ्या, त्यात तो हरवतो. हिरवा चांगला. मे महिन्यातलं पाच वाजताचं ऊन पाण्यात तिरपं उतरतं, तळावर उन्हाची जाळी हलत असते, त्यातही हिरवी लुकलुक १५ मीटरवरून सुटी दिसली.

दिवा काठावर का नको, असं बॅचमधल्या एका काकूंनी विचारलं. त्यांना गॉगल देऊन पाण्याखालून वर पाहायला सांगितलं. पाण्यातून वर पाहिलं की बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं, त्या गोलाबाहेर पाण्याचा आरसा. सरळ वर धरलेल्या रेघेपासून साधारण ४९ अंशांपलीकडे बाहेरचं काही दिसतच नाही. पोहताना आपली नजर खाली आणि किंचित पुढे, म्हणजे काठावरचा दिवा नेमका आरशामागे. काकू खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा गेल्या. वीस वर्षं पोहतेय आणि हे आज पाहिलं, म्हणाल्या.

दिवा भिंतीवर, पाण्याखाली हातभर, वळताना हात लागणार नाही असा कडेला. खाली शिशाचं वजन.

१४ मे, बुधवार

पंधराव्या लांबीला दिवा विझलेला. बाहेर आले, टॉवेल, फोन. सर्व्हर ठीक, चेंबर ठीक. दिव्याच्या काचेमागे पाणी दिसलं. केबल आत शिरते त्या ग्लँडमधून ते गेलं होतं. क्लोरीनने तांब्याच्या तारेवर एवढ्यातच हिरवट थर धरला आहे.

आजचं पोहणं बुडालं, तरी मला चांगलं वाटतंय. पहिली परीक्षा पेटीच्या बिघाडाची झाली आणि तिने ते लपवलं नाही. रात्री दिव्याच्या पाठीमागची पोकळी एपॉक्सीने पूर्ण भरली. हवाच उरली नाही तर पाण्याला जागा उरत नाही. पेटीचा सांधा एम-सील आणि सिलिकॉनने.

२० मे, मंगळवार

आज खरा बिघाड.

दुपारपासून आभाळ भरलेलं, यावलकडून वारा. ५.२० ला उतरले. बावीसाव्या लांबीला लेनच्या मध्यावरूनच दिसलं, लुकलुक जलद. टोकापर्यंत गेले, चढले, हात पुसले. फोन हातात आला तेव्हा ५.४१. सर्व्हरवर बिघाडाची वेळ ५.३८.

फैजपूरचा चेंबर, माल तिसऱ्या दिवसाचा, कॉम्प्रेसर चालू पण आतले पंखे बंद. यात धोका वेगळा असतो. पंखे थांबले की थंडावा कॉइलवरच, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरच, अडकतो, कॉइल बर्फाने भरते, वरच्या क्रेटना झळ आणि कॉइलजवळच्यांना थंडी. ऑपरेटरला फोन लावला तर तो कागदासमोरच उभा होता. त्याने कॉम्प्रेसर थांबवला होता, दार बंद ठेवलं होतं, आणि पंख्यांच्या ओव्हरलोड रिलेकडे (मोटरवर भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पाहत होता. वादळात व्होल्टेज खाली गेलं, रिले सुटला. व्होल्टमीटर वाचून घेतला, ३८० च्या खाली. थांब म्हटलं. दहा मिनिटांनी ४१० आलं तेव्हा रीसेट करायला सांगितला. पंखे फिरले. मग कॉम्प्रेसर. गराच्या सेन्सरमध्ये फरक ०.१ अंश.

व्यापाऱ्यांना मीच फोन केला. त्यांना बिघाड झाल्याचं ठाऊकच नव्हतं. ते जेवत होते.

नंतर पुन्हा पाण्यात उतरले, दहा लांब्या झाल्या. दिवा संथ लुकलुकत होता. जानेवारीपासून पहिल्यांदा मी पोहताना चेंबर मोजत नव्हते, लांब्याच मोजत होते.

२६ मे, सोमवार

सेल आता आठ दिवस टिकतो. मी सहाव्या दिवशीच बदलते. बाकी काही नाही.

२ जून, सोमवार

आमच्या बॅचला एक नर्स येतात, प्रसूतिगृहात काम करतात. गेले पंधरा दिवस त्या पाच नंबरच्या लेनमधून माझा दिवा पाहत होत्या. आज कपडे बदलताना थांबल्या आणि विचारलं, मला असा एक होईल का? बोलावणं कधी येईल सांगता येत नाही म्हणून त्या पोहायला आल्या तरी दर दोन लांब्यांना बाहेर येऊन फोन पाहतात. पोहणं असं होतच नाही.

मी सवयीने पहिला प्रश्न विचारला : निरोप किती वेळ थांबू शकतो?

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. कळा सुरू झालेली बाई दाखल झाली तर अर्धा तासही चालतो. पण रक्तस्राव सुरू झाला तर एक मिनिटही जास्त आहे, आणि तेव्हा ड्यूटीवरची माणसं आधीच तिथे असतात. त्यांना लागते ती जास्तीची हातांची जोडी, पाच मिनिटांत आली तरी चालेल. टँकपासून दवाखाना चालत चार मिनिटांवर आहे.

म्हणजे त्यांच्यासाठी एक मिनिट उरतो. एकाच टोकाला दिवा असल्याने मी त्याच्याकडे दर सव्वा मिनिटाने पोचते. त्या माझ्यापेक्षा हळू पोहतात, त्यांचं अंतर पावणेदोन मिनिटांचं. दिवा दोन्ही टोकांना हवा, आणि दर १५ सेकंदांचा ‘ठीक’ त्यांच्यासाठी पाच सेकंदांचा करावा लागेल. मग सेल आठ दिवस टिकणार नाही, रोज बदलावा लागेल. रोज बदलेन म्हणाल्या.

दुसऱ्या टोकाला पाणी खोल आहे, वजन जास्त लागेल, आणि पेटी उडी मारणाऱ्या पोरींच्या वाटेत येते. जीवरक्षकांना उद्या तिथे उभं करून जागा ठरवायची. केबल तीन मीटर हवी, घरात दोनच उरली आहे.